रक्तातल्या चिठ्ठ्या आणि पोटाचा कॅन्सर

मोबाइलवर फिरत फिरत एखादी जाहिरात दादरा-नगर हवेलीतल्या खानवेलपर्यंतही येऊन पोचते. थोडंसं रक्त द्या, पोटातला कॅन्सर लक्षणं दिसायच्या आधीच ओळखा, मायक्रोआरएनए तंत्रज्ञान. खाली फोन नंबर, घरी येऊन नमुना नेण्याची सोय आणि मांदोणी-दुधनीकडच्या एखाद्या घराचा दोन महिन्यांचा किराणा निघेल एवढी रक्कम. मग ज्याच्या घरात कुणी पोटाच्या आजाराने गेलेलं असतं, त्याला वाटतं, करून टाकावी का ही तपासणी?

उत्तर आधीच देऊन टाकतो. पोटाची काही तक्रार नसेल, तर आजच्या घडीला स्वतःच्या खिशातून पैसे घालून ही तपासणी करू नका. आणि तक्रार असेल, तर अजिबातच करू नका. तेच पैसे आणि तोच दिवस दुर्बिणीच्या तपासणीसाठी ठेवा. असं म्हणण्यामागे या शास्त्रावरचा अविश्वास नाही. शास्त्र खरं आहे, त्याला नोबेल मिळालेलं आहे. पण खरं शास्त्र आणि आपल्या कामाची तपासणी यांच्यामध्ये बरीच वाट असते, आणि त्या वाटेत खानवेलसारख्या गावाला नडणारी एक खास अडचण आहे. तिच्याबद्दल कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

मायक्रोआरएनए म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तलाठ्याच्या दप्तरासारखं एक दप्तर असतं, ते डीएनए. मूळ दप्तर कचेरीबाहेर जात नाही. ज्या पानाचं काम असेल त्याची नक्कल निघते आणि त्या नकलेवरून पेशी प्रथिनं बनवते. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन या दोघांनी आपापल्या प्रयोगशाळेत, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक कृमीत, एक वेगळाच प्रकार पाहिला. सुमारे बावीस अक्षरांचा आरएनएचा एक तुकडा कुठलंच प्रथिन बनवत नव्हता. तो जाऊन दुसऱ्या नकलेला चिकटायचा आणि तिचं काम बंद पाडायचा. कागदावर स्थगितीची चिठ्ठी लागावी, तसा. बऱ्याच जणांना वाटलं, ही त्या कृमीपुरती गंमत असेल. सात वर्षांनी रुवकुन यांच्या प्रयोगशाळेत दुसरी चिठ्ठी सापडली आणि ती माणसातही निघाली, तेव्हा सगळे जागे झाले. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

कॅन्सरच्या पेशीत या चिठ्ठ्यांचा कारभार बिघडतो. उदाहरणार्थ मिर-२१ नावाची चिठ्ठी. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी जी पानं असतात, त्यांच्याच नकलांवर ती स्थगिती आणते. जठर, आतडं, स्वादुपिंड, यकृत, या सगळ्यांच्या गाठींत ती वाढलेली आढळते. आणि या चिठ्ठ्या पेशीबाहेर रक्तातही येतात. साधा आरएनए रक्तात आला की तिथली एंझाइमं त्याचे लगेच तुकडे करतात. मायक्रोआरएनए मात्र प्रथिनाला बिलगून किंवा पेशीने सोडलेल्या अतिसूक्ष्म पुड्यांत बसून फिरतो, म्हणून तगतो. २००८ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातल्या संशोधकांनी प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात हे दाखवून दिलं, आणि तिथून रक्तातल्या चिठ्ठ्या वाचून गाठ शोधण्याची शर्यत सुरू झाली.

या शर्यतीत पोटाच्या कॅन्सरपुरता सर्वांत पुढे गेलेला देश सिंगापूर. तिथे जठराच्या कॅन्सरसाठी बारा मायक्रोआरएनए एकत्र मोजणारी 'गॅस्ट्रोक्लिअर' नावाची तपासणी तयार झाली. सिंगापूर आणि कोरियातल्या पाच हजारांहून अधिक लोकांवर तिचा अभ्यास झाला, आणि २०१९ मध्ये तिथल्या सरकारी नियामकाने तिला परवानगी दिली. चीनमध्ये यकृताच्या कॅन्सरसाठी सात मायक्रोआरएनए मोजणारा संच आहे. हे हवेतले इमले नाहीत. पण सिंगापुरातही तपासणी 'धोका जास्त' म्हणाली की पुढची पायरी दुर्बीणच असते. रक्ताने कॅन्सरचं निदान होत नाही. दुर्बीण कुणाची आधी करायची, एवढंच रक्त सांगतं.

आता थोडा हिशोब करू, कारण सगळी गोम हिशोबात आहे. समजा तपासणी फार चांगली आहे. कॅन्सर असलेल्या दहांपैकी नऊ जणांना ती पकडते आणि निरोगी शंभरांपैकी फक्त दहांना चुकून धोक्याचा शिक्का मारते. आजूबाजूच्या पाड्यांतून दहा हजार माणसं तपासली आणि त्यांतल्या दहांच्या पोटात खरोखर गाठ आहे, असं धरू. त्या दहांपैकी नऊ सापडतील. उरलेल्या ९,९९० निरोगी लोकांपैकी ९९९ जणांच्या हातातही धोक्याचा कागद पडेल. म्हणजे एक हजार आठ घरांत रडारड, आणि खरा आजार नऊ घरांत. हे चांगल्या तपासणीचं चित्र आहे.

आजार जितका विरळ, तितकी खोटी भीती जास्त. म्हणून एकच तपासणी सगळीकडे सारख्या मोलाची नसते. मिझोरममधल्या ऐजॉलला जठराच्या कॅन्सरचं प्रमाण देशात सर्वाधिक आहे. तिथे अशी तपासणी विचार करण्याजोगी ठरू शकते. उलट सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, देशातली पहिली. तिने पहिल्यापासून दाखवलं की तिथल्या खेड्यांत कॅन्सरचं प्रमाण मुंबईच्या मानाने बरंच कमी आहे. खानवेलचं जगणं बार्शीच्या जवळचं आहे, ऐजॉलच्या नव्हे.

दुसरं असं की या चिठ्ठ्यांवर 'कॅन्सर' असं लिहिलेलं नसतं. मिर-२१ सुजेतही वाढते. मिर-१२२ ही जवळजवळ यकृताचीच चिठ्ठी. पण यकृताला कशानेही इजा झाली, दारूने, काविळीने, औषधाने, तरी ती रक्तात उतरते. ताप आला म्हणजे मलेरियाच, असं आपण म्हणत नाही ना? तसंच हे.

आणि आता ती खास आपली अडचण. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा या समाजांत सिकलसेल हा काही पुस्तकातला आजार नाही. शाळेत तपासणी होते, कार्ड मिळतं, कुणाच्या ना कुणाच्या घरी कळा येऊन माणूस दवाखान्यात पडलेला असतो. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि शरीरातच फुटत राहतात. इथेच मायक्रोआरएनएची गाडी अडते. तांबड्या पेशींत स्वतःच्या चिठ्ठ्या गच्च भरलेल्या असतात : मिर-४५१, मिर-१६ आणि मिर-९२ए. पेशी फुटली की हा सगळा माल रक्तद्रवात सांडतो. गंमत अशी की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी संशोधक जी चिठ्ठी मोठ्या आशेने मोजत आले, ती हीच मिर-९२ए. म्हणजे आकडा वाढला तो गाठीमुळे की फुटलेल्या पेशींमुळे, हे कोण सांगणार? सिंगापूर-कोरियाच्या माणसांवर बसवलेली मोजपट्टी आपल्या पाड्यावरच्या माणसाला जशीच्या तशी लावता येत नाही, त्याचं हे एक साधं कारण.

सिकलसेल नसलं तरी रक्त फुटतं. बारीक सुईने जोरात ओढलं, बाटली हलवली, मोटारसायकलच्या डिकीत उन्हात ठेवून वळणांच्या रस्त्याने खाली आणली, की फुटलंच. लॅबवाले त्याला 'हिमोलाइझ झालं' म्हणतात. चांगला रक्तद्रव गवताच्या काडीसारखा पिवळसर दिसतो, फुटलेला गुलाबी किंवा लालसर. साध्या साखरेच्या तपासणीत यातलं थोडंफार चालून जातं, मायक्रोआरएनएत नाही. शिवाय नमुना काही तासांच्या आत फिरवून द्रव वेगळा करून थंडीत ठेवावा लागतो. दुधनीच्या घरातून घेतलेलं रक्त कुरिअरने कुठल्यातरी महानगरात जाणार असेल, तर मधल्या वाटेत त्याचं काय होतं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तेव्हा कुणी ही तपासणी गळ्यात मारायला आलंच, तर त्याला चार प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत पैसे काढू नका. भारतात औषध नियामकाने ही नेमक्या कुठल्या वापरासाठी मान्य केली आहे? किती निरोगी माणसांना ती चुकून आजारी ठरवते? सिकलसेल असलेल्यांवर ती पडताळून पाहिली आहे का? आणि 'धोका' आला तर पुढच्या दुर्बिणीचा खर्च कोण करणार? चौथ्या प्रश्नाला बहुतेकांची जीभ अडखळते.

'आमच्या लॅबला एनएबीएलची मान्यता आहे' हे उत्तर वरच्या कुठल्याच प्रश्नाचं नाही. एनएबीएल म्हणजे लॅब नीट मोजते याची खूण. जे मोजलं त्याचा तुम्हाला उपयोग आहे की नाही, हा वेगळा मुद्दा. तसंच 'अमेरिकेच्या एफडीएची ब्रेकथ्रू मान्यता' असे शब्द दिसले तर गोंधळू नका. आपल्या शेजारच्या नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनाच्या कॅन्सरच्या रक्ततपासणीला २०२१ मध्ये असा ब्रेकथ्रू दर्जा मिळाला होता. नाशिकसाठी कौतुकाची गोष्ट, पण या दर्जाचा अर्थ 'हिचा विचार लवकर करू' एवढाच असतो, विक्रीची परवानगी नव्हे. शिवाय ती तपासणी रक्तातल्या गाठीच्या पेशी शोधते. डिसेंबर २०२४ मध्ये बेंगळुरूच्या स्ट्रँड लाइफ सायन्सेसने आणलेली 'कॅन्सरस्पॉट' रक्तातला डीएनए वाचते. मायक्रोआरएनए या दोन्हींत नाही. जाहिरातीत मात्र सगळं एकाच रक्तात कालवलेलं असतं.

'फुल बॉडी' पॅकेजमध्ये हळूच घातलेल्या सीईए आणि सीए १९-९ या कॅन्सरच्या जुन्या रक्ततपासण्यांनाही हेच लागू. निरोगी माणसाने त्या करू नयेत. विडी ओढणाऱ्याचा सीईए कॅन्सर नसतानाही वाढलेला असू शकतो. सीए १९-९ साध्या पित्ताच्या खड्याने नळी अडली तरी चढतो, आणि काही माणसांच्या शरीरात तो जन्मतःच बनत नाही, त्यामुळे मोठी गाठ असूनही कागद कोरा. या तपासण्या आजार सापडलेल्या माणसाचे उपचार लागू पडतात की नाही ते पाहायला आहेत. याला एक अपवाद : ज्याच्या यकृताला सिरॉसिस झालेला आहे, त्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी ही रक्ततपासणी करत राहावी. यकृताची गाठ लहान असताना सापडण्याचा तोच आजचा भरवशाचा रस्ता.

मग करायचं काय? सरकारी कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्यांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. ती फुकट आहे, ती चुकवू नका. जठर, आतडं, यकृत त्यात येत नाहीत. तिथे लक्ष आपल्यालाच ठेवावं लागतं, आणि ज्या खुणांकडे आपल्याकडे हमखास दुर्लक्ष होतं, त्यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

भाकरीचा घास छातीत अडकतो, पाणी प्यायल्यावर खाली जातो. माणूस भाकरी सोडून पेजेवर येतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. हे वय नव्हे. तंबाखू आणि दारू दोन्ही असलेल्याला अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका सर्वांत जास्त, आणि घास अडकणं ही त्याची पहिली हाक. दुसरी खूण म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण तसा चिकटपणा आणि वास येत नाही. शौचातून लाल रक्त गेलं की आपण मूळव्याध म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा ती असतेही. पण चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसलं, किंवा शौचाची सवय महिनाभर बदललेली राहिली, तर बोट घालून तपासणारा डॉक्टर गाठा. पाच मिनिटांच्या, बिनपैशाच्या त्या तपासणीत खालच्या आतड्याच्या कितीतरी गाठी हाताला लागतात. लाज वाटते, हे खरं आहे.

काविळीचं तर आपल्याकडे वेगळंच शास्त्र. माळ घालतात, झाडपाला देतात, भगत उतरवतो. साध्या विषाणूच्या काविळीचे रुग्ण बहुतेक आपोआप बरे होतात, म्हणून माळेचं नाव होतं. पण डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी, अंगाला खाज आणि पोट मात्र दुखत नाही, अशी कावीळ दिवसेंदिवस वाढत गेली, तर ती पित्तनळी किंवा स्वादुपिंडातल्या अडथळ्याची असू शकते. भगताकडे जायचं तर जा, त्यावरून भांडण नको. त्याच आठवड्यात सोनोग्राफी मात्र करून घ्या.

आणि रक्त कमी असणं. इथे सिकलसेल पुन्हा आडवं येतं. 'याला सिकल आहे, हिमोग्लोबिन कमीच असणार' असं म्हणून पन्नाशीच्या माणसाचं आतड्यातून झिरपणारं रक्त वर्षभर झाकलेलं राहू शकतं. हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा खाली आलं, तर शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासायला सांगा. ते कमी असेल तर लोह कुठेतरी गळत असू शकतं. पुरुषात, किंवा पाळी गेलेल्या बाईत, ती गळती पोटातूनच असते असं धरून शोधावं लागतं. त्यासाठी शौचातलं न दिसणारं रक्त ओळखणारी 'फिट' ही तपासणी आहे. चिमूटभर नमुना पुरतो, खाण्याचं पथ्य लागत नाही. मायक्रोआरएनएच्या मानाने ती गावंढळ वाटेल, पण जगभरच्या सरकारी कार्यक्रमांनी आतड्याच्या कॅन्सरसाठी विश्वास टाकला तो हिच्यावर.

टाळता येण्याजोगंही बरंच आहे. हिपॅटायटिस बीची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत टोचतात. बाळंतपण घरी झालं तर ती राहून जाते. घरात कुणी या विषाणूचा वाहक निघाला, तर सगळ्यांनी तपासून घ्यावं. पावसाळ्यात आपल्याकडे धान्याला बुरशी धरते. मका आणि शेंगदाण्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे यकृताच्या कॅन्सरचं एक जुनं कारण आहे. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर आदिवासी यकृत निकामी होऊन दगावले होते. काळपट, कडू दाणा कोंबड्यांनाही घालू नका. दारूबद्दल काय सांगावं? शेजारच्या गुजरातेत बंदी आणि इकडे दुकानं, त्यामुळे रस्त्याकडेला काय पिकतं ते तुम्ही बघताच. ताडी, मोहाची की बाटलीतली, यकृताला सारखीच.

खानवेलचं उपजिल्हा रुग्णालय ही पहिली पायरी धरा. तिथून चिठ्ठी घेऊन वीसेक किलोमीटरवर सिल्वासाला. तिथल्या श्री विनोबा भावे नागरी रुग्णालयासोबत २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मार्च २०२५ मध्ये नमो रुग्णालयाच्या ४५० खाटांच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. गाठ निघाली आणि मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जायचं ठरलं, तर वापीहून गाडी आहे. जाताना नुसता बायोप्सीचा कागद नेऊ नका. तुकडा ज्या मेणात जपतात तो ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड लॅबकडून मागून घ्या, त्यांच्यावर हक्क तुमचा आहे. टाटात त्या पुन्हा तपासतात, आणि नसतील तर एक फेरी वाया जाते. आधार, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड सोबत असू द्या. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत असते, तिचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्या. राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा रुग्णांच्या नातेवाइकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

मोठ्या रुग्णालयात कुणी मायक्रोआरएनएच्या संशोधनासाठी रक्त मागितलं, तर मात्र मोकळ्या मनाने विचार करा. आपल्या पट्ट्यातल्या माणसांचं रक्त अशा अभ्यासांत गेल्याशिवाय वर सांगितलेली अडचण सुटायची नाही. फक्त संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत असावं, त्याची प्रत मिळावी, एक पैसाही द्यावा लागू नये आणि मधूनच नाही म्हणायची मुभा असावी. सिकलसेल असेल तर रक्त घेणाऱ्याला आधी सांगा. निकाल तुम्हाला कळवतीलच असं नाही, तेही विचारून ठेवा.

राहता राहिली दुर्बीण. जठराच्या दुर्बिणीला सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, आणि आत गेलेली नळी पाच-दहा मिनिटांत बाहेर येते. आत चिमट्याने तुकडा घेतल्याने कॅन्सर पसरत नाही. भुलीचं इंजेक्शन दिलं तर त्या दिवशी स्वतः गाडी चालवायची नाही, म्हणून सोबत एक माणूस न्या. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीला आदल्या दिवशी जुलाबाचं औषध पिऊन पोट पूर्ण रिकामं करावं लागतं. इथे सिकलसेलवाल्याने जपायला हवं : जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं की कळा सुरू होऊ शकतात. असा माणूस असेल तर तारीख घेतानाच सिकलचं कार्ड डॉक्टरांपुढे ठेवा, म्हणजे ते आदल्या दिवशी दाखल करून सलाइन लावून तयारी करून घेतील.